त्याच गावाची वाट

श्रद्धेचा ठेवा स्वतःपुरता राखू नये, तो इतरांनाही द्यावा, असे आम्ही प्रवचनपीठावरून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. परंतु ज्याला द्यावयास गेलो त्यानेच हात मागे घेतला तर काय करावे, याविषयी आम्ही फारसे बोललेलो नाही. तो अनुभव आमच्या अभिमानाला झोंबणारा आहे, हे त्याचे खरे कारण असावे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका डोंगराळ भागातील धर्मग्रामात सेवेस होतो. दर मंगळवारी धर्मभगिनींसमवेत एका आदिवासी पाड्यावर औषधे घेऊन जात असू आणि औषधवाटप आटोपले की प्रभू येशूची एखादी कथा सांगत असू. एके दिवशी पाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "फादर, गोष्ट चांगली आहे. पण आमचा देव आम्हांला पुरे आहे. उगाच दमू नका." त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता. तरीही पुढच्या मंगळवारी आम्हांला दुसरे काम निघाले, त्यापुढच्या मंगळवारीही निघाले. धर्मभगिनी मात्र जात राहिल्या. तीन महिन्यांनी त्या वृद्धाने त्यांच्यापाशी विचारणा केली, "फादर आजारी आहेत का?"

तो प्रश्न ऐकून आम्ही ओशाळलो. आमच्या औषधाला एक किंमत होती. ती त्याला ठाऊक नव्हती, आमच्या मनाने मात्र ती कधीच ठरवून टाकली होती.

लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांचे एक गाव प्रभूला थारा देत नाही. तेव्हा याकोब आणि योहान संतापतात आणि आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करावे काय, असे विचारतात. प्रभू त्या दोघांनाच धमकावतो आणि मुकाट्याने दुसऱ्या गावाची वाट धरतो. पुढे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात तोच योहान पेत्रासह शोमरोनात येतो, तेथील लोकांवर हात ठेवतो आणि त्यांच्यासाठी पवित्र आत्म्याचे दान मागतो. परतीच्या वाटेवर ते दोघे शोमरोन्यांच्या अनेक गावांतून सुवार्ता सांगत जातात. ज्या प्रदेशासाठी योहानाने अग्नी मागितला होता, त्याच प्रदेशासाठी आता तो आशीर्वाद मागतो. या दोन प्रसंगांच्या मध्ये क्रूस उभा आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीही नकाराची एक कठोर घटना आहे. जुलै १५८३ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, कुंकळ्ळी येथे, गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेने त्या परिसरातील मंदिरे उद्ध्वस्त केली होती, आणि नंतर गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो नकार ख्रिस्ताला होता की ख्रिस्ताच्या नावामागे उभ्या असलेल्या तलवारीला, हा प्रश्न आपण टाळू नये.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीच गोव्यात आले होते. कुंकळ्ळीच्या रक्तपातानंतरही त्यांनी साष्टी सोडली नाही. ते लोकांची भाषा आत्मसात करीत राहिले आणि तेहतीस वर्षांनी, १६१६ साली, रायतूर येथे त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सत्तेच्या छायेपासून ते अलिप्त होते, असा आमचा दावा नाही. परंतु आपले म्हणणे ज्यांना सांगावयाचे त्यांची बोली आधी शिकावी, हा चिकाटीचा खरा अर्थ त्यांच्या श्रमातून उमगतो.

मग आपण मौन धरावे काय? तसे मुळीच नाही. जे आपल्याला प्राणाहून प्रिय आहे ते न सांगणे हीही अप्रीतीच ठरेल. मात्र ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीच्या आपल्या घोषणेत स्पष्ट केले आहे की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये. म्हणजे समोरच्याला नाही म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो मान्य करूनही त्याच्या दारी जात राहण्याचे कर्तव्य आपल्याला आहे. नकारानंतर आपले प्रेम आटले, तर ते प्रेम नव्हते, तो सौदा होता.

पुढच्या मंगळवारी आम्ही पाड्यावर गेलो. त्या वृद्धाने अंगणात घोंगडी अंथरली. त्या दिवशी आम्ही कथा सांगितली नाही, त्यांच्याच कथा ऐकल्या. पुढे अनेक महिन्यांनी त्यांनी आपणहून विचारले, "तुमची ती गोष्ट अर्धीच राहिली होती ना?" आम्ही ती पूर्ण केली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. आम्ही मात्र त्या अंगणात थोडे अधिक ख्रिस्ती होऊन परतलो.