अभंगाच्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण : ऐकणाराचा अधिकार किती?



या मासिकाच्या शेवटच्या पानावर नव्या निघालेल्या आणि जुन्याच पुन्हा काढलेल्या अभंगांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी आम्ही अधूनमधून चार ओळी लिहीत असतो. संपादक पाठवितात, आम्ही ऐकतो, लिहितो, आणि विसरून जातो. ज्याच्याविषयी लिहिले तो मात्र विसरत नाही, हे आम्हांस उशिरा कळले.

झाले असे. शिरूर तालुक्यातील एका खेड्यातल्या मुलाने दहा अभंग म्हणून त्यांचा एक संच काढला. घर ऊसतोडीवर जगणारे. दिवाळी झाली की टोळी कोल्हापूर-सांगलीकडे निघावी, आणि पट्टा पडला की परत यावे. त्यातून पैसे बाजूला टाकून त्याने बीडात येऊन हे मुद्रण केले. आम्ही ते एका संध्याकाळी, जेवणाआधी, घाईनेच ऐकले, आणि लिहिले, "आवाज बरा, परंतु भाव नाही." एवढेच. पुढे आषाढीच्या वाटेवर नाथांची पालखी रायमोह्याला मुक्कामी असताना तो मुलगा आमच्यापुढे येऊन पाया पडला. रागाचा शब्द नाही. म्हणाला, "महाराज, भाव कुठं कमी पडला तेवढं सांगा की. तेवढा अभंग पुन्हा म्हणून बघतो."

आता सांगा बरे, काय उत्तर द्यावे? चाळीस वर्षे कीर्तनाला उभे राहिलो, लोकांच्या शंका फेडल्या; पण या पोराच्या एका प्रश्नाला आमच्याजवळ शब्द नव्हता. "बघू, निवांत बोलू" असे काहीतरी पुटपुटलो आणि गर्दीत सटकलो. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. म्हणून हा विचार मांडतो.

आम्ही तर्कशास्त्राची दोन अक्षरे गुरुजींच्या पायाशी बसून गिरविलेली आहेत. त्या शास्त्राला विचारले तर ते आमच्या वाक्याची धिंड काढील. दुसऱ्याच्या अंतःकरणातला भाव डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष गेले. राहिले अनुमान. धूर दिसला की विस्तव आहे म्हणावे, तसे कंठ दाटला, डोळ्यांत पाणी आले की भाव आहे म्हणावे काय? अहो, ते पाणी नटही आणतो! अश्रू, कंप, रोमांच हे रंगभूमीवर कसे दाखवावेत हे भरतमुनींनी नटाला शिकविले आहे. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' बोलपट निघाला. त्यात विष्णुपंत पागनीसांना पाहून भोळी माणसे त्यांच्या पाया पडत. पागनीसांच्या अंतरी भाव होता की नुसता अभिनय होता? ते पागनीस जाणोत आणि त्यांचा विठोबा जाणो. उलट बाजूही तशीच. दिवसभर उसाच्या फडात पाचटाची कूस घशात गेलेला मनुष्य रात्री कोपीपुढे बसून अभंग म्हणतो, तेव्हा आवाज कोरडाच लागतो. त्याला भाव नाही काय? तर्काच्या भाषेत हा हेतु व्यभिचारी झाला. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

येथे कोणी शास्त्री आम्हांस अडवील. म्हणेल, "बुवा, शार्ङ्गदेव विसरलात काय?" नाही विसरलो. शार्ङ्गदेव काही दूरचा नव्हे. तो देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता. माउलींच्या दोन पिढ्या आधी आपल्याच या मुलखात बसून त्याने 'संगीतरत्नाकर' रचिला. त्यात गाणाराचे पंचवीस दोष मोजून दिले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा तो काकी, नाकात गाणारा सानुनासिक, ज्याची अक्षरे कळत नाहीत तो अव्यक्त, ज्याचे लक्ष ठिकाणावर नाही तो अनवधान. त्यात निमीलकही आहे. म्हणजे डोळे मिटून गाणारा! आमच्याकडे तर डोळे मिटले की लोक म्हणतात, "वा, काय तल्लीनता!" आणि शार्ङ्गदेव तो दोषात धरतो. यादी वाचताना ध्यानात येते की जवळजवळ सारे दोष कानांनी ऐकावयाचे नाहीतर डोळ्यांनी पाहावयाचे आहेत. दाखवून देता येतात, आणि दाखविले तर सुधारता येतात.

पण शास्त्री हट्टाने म्हणेल, "त्या पंचवीसांत विरस हाही दोष आहे. ज्याच्या गाण्यात रस नाही तो विरस. मग तुम्ही 'भाव नाही' लिहिले, त्यात वावगे काय?" पूर्वपक्ष खरोखर बळकट आहे. आम्ही त्यावर कित्येक दिवस घोटाळलो. शेवटी असे दिसले की रस आणि भाव यांची आम्ही गल्लत करीत होतो. रस येतो तो ऐकणाराला. "आम्हांस रस आला नाही" असे म्हणण्याचा आम्हांस पुरा अधिकार आहे. ती आमच्या अंतःकरणाची साक्ष आहे. कदाचित जेवणाआधीच्या भुकेची साक्ष असेल, तरी ती आमचीच. "त्याला भाव नाही" ही त्याच्या अंतःकरणाविषयी साक्ष झाली. तेथे आम्हांस कोणी बोलाविले होते? पहिल्या वाक्यात आम्ही स्वतःला उघडे करतो. दुसऱ्यात स्वतः लपून दुसऱ्याला उघडे पाडतो. संत ज्या निंदेपासून सावध करतात, ती आम्हांस येथे दिसली.

मग परीक्षणच सोडावे काय? पुष्कळ वारकरी बंधू तसे म्हणतात. "देवाचे नाव घेतले ना, मग कसेही घेवो." ऐकायला गोड आहे, पण आम्हांस पटत नाही. मम्मटाचार्यांनी दोष कशाला म्हणावे ते सांगितले : मुख्य अर्थाला जो मारतो तो दोष. अभंगाचा अर्थ जेथे मारला जातो तेथे गप्प बसणे ही भक्ती नव्हे, आळस आहे. आणि हा आळस आम्ही पोटभर केला आहे.

एक प्रमाद सांगतो. वर ज्या बोलपटाचा उल्लेख केला, त्यातले बी आणि अंकुराचे पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेले. ते इतके साधले की अनेकांस तुकोबांचेच वाटले, अजूनही वाटते. तरुणपणी आम्हीच एका कीर्तनात ते तुकोबांचे प्रमाण म्हणून ठोकून दिले होते! कीर्तन उरकल्यावर एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने बाजूला घेऊन हळूच विचारले, "महाराज, गाथ्यात कितव्या पानावर आहे हो?" आठवल्यांची करणी थोर, पण तुकोबांचे ते तुकोबांचे आणि आठवल्यांचे ते आठवल्यांचे.

हा घोळ आता वाढणार आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षांनी सुटतो. मग जुनी तबकडी कोणीही पुन्हा काढावी, वर नवा ढोल-ताशा चढवावा, आणि कर्त्याच्या जागी 'पारंपरिक' असा शब्द छापून मोकळे व्हावे. 'पारंपरिक' म्हणजे कोण हो? जनाबाई की चोखोबा? संतांनी आपले नाव शेवटच्या चरणात घालून ठेवले ते उगीच नव्हे. विशेषतः ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांची नाममुद्रा हीच त्यांची जागा. सोयराबाईंचा रंगाचा अभंग किशोरीताई आमोणकरांच्या गळ्यातून घरोघर गेला, हे केवढे उपकार. पण दिंडीत पाच जणांस विचारून पाहा, तिघे म्हणतात, "किशोरीताईंचा अभंग." गाणारीचा यात काय दोष? दोष आम्हां ऐकणारांचा, लिहिणारांचा, ज्यांनी आवाजाचे कौतुक केले आणि बाई कोणाची कोण ते सांगितले नाही.

जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेव्हा चरण गाळावे लागत, आणि पुष्कळदा शेवटचाच कुऱ्हाडीखाली जाई. ते समजण्याजोगे होते. आज मोबाइलवर तासभर गा, कोणी अडवीत नाही. तरी चरण गळतोच, कारण गाणारांनी ते अभंग तबकडीवरूनच पाठ केले. गाथा उघडला कोणी? हे सारे कानांना ऐकू येते, गाथ्याशी ताडून पाहता येते. येथे परीक्षणाचा अधिकार आहे, नव्हे ते कर्तव्य आहे. आणि नेमके हेच आम्ही लिहीत नव्हतो. जे दिसत नव्हते त्यावर निवाडा दिला, आणि ऐकू येत होते ते ऐकले नाही. असो.

परवा तो मुलाचा संच पुन्हा काढला. या वेळी गाथा मांडीवर घेऊन, सकाळी, पोटात चार घास घालून बसलो. दोनदा ऐकला. तिसऱ्या अभंगात जनाबाईंच्या नावाचा चरण नाही. पाचव्यात दुसऱ्या चरणाचे शब्द मागेपुढे झाल्याने अर्थ उलटा होतो. सातव्यात टाळ मृदंगाच्या पुढे पळतो आहे. आठवा फार चांगला म्हटला आहे. आम्हांस रस आला. हे सगळे पत्राने त्याला कळविले आहे, आणि मागच्या अंकातले आमचे ते वाक्य आम्ही परत घेतो, असे या पानावर छापण्यास संपादकांना सांगितले आहे. पत्र त्याच्या गावच्या पत्त्यावर गेले. सध्या टोळी उसावर आहे, तेव्हा उत्तर पट्टा पडल्यावरच यावयाचे.