गुडाकेशही थकतो



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ९.

श्लोक छोटासा आहे. संजय धृतराष्ट्राला सांगतोय, की आपण लढणार नाही असं अर्जुनानं श्रीकृष्णाला सांगितलं आणि तो गप्प बसला. बस, एवढंच. आजच्या भाषेत सांगायचं तर राजीनामा तोंडी दिला आणि खुर्चीत बसून राहिला.

हा श्लोक मी लहानपणापासून ऐकत आलोय. कळला मात्र गेल्या वर्षी आषाढात. एका सकाळी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि मला उतरताच येईना. इंजिन बंद, सीटबेल्ट सोडलेला, पण हात स्टिअरिंगवरच. ताप नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं. त्याआधीचे सात-आठ महिने मात्र रात्री-अपरात्री कॉल, रविवारीही लॅपटॉप, आणि आईशी धड दोन वाक्यं बोलणं नाही. हरिपाठ कधी सुटला तेही आठवत नव्हतं. वीस मिनिटांनी उतरलो, वर गेलो, काम केलं. रात्री राजीनाम्याचा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवला. सगळ्यात जास्त काय वाटत होतं सांगू? लाज. सगळ्यांना जमतं, मलाच कसं झेपत नाही?

त्या दिवसांत पोथी उघडली आणि या श्लोकातल्या एका शब्दावर नजर अडकली. अर्जुनाला संजय इथे गुडाकेश म्हणतो. गुडाका म्हणजे झोप, आणि गुडाकेश म्हणजे झोपेवर ज्याची सत्ता आहे तो, असा अर्थ जुने टीकाकार देतात. बघा, कुठल्या क्षणी हे नाव वापरलंय! तो कोलमडून बसलाय, त्या क्षणी. गीतेनं त्याच्याकडून त्याचं नाव काढून घेतलं नाही. जो झोप जिंकू शकतो तोही एक दिवस बसतो, आणि बसला म्हणून तो कमी ठरत नाही.

पहिल्या अध्यायात त्याची अवस्था आठवा. तोंडाला कोरड, अंगाला कंप, गांडीव हातातून निसटतंय, उभं राहवत नाही, डोकं भणभणतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घकाळचा ताण हे त्याचं कारण मानते. म्हणजे दोष फक्त तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा नाही. फळाची आशा धरू नये ही शिकवण काही जणांना नेमकी अप्रेझलच्या वेळी आठवते. पण गीता ही दुसऱ्याला राबवून घ्यायची युक्ती नाही.

आता पुढची गोष्ट. अर्जुनाकडे पर्यायी करिअर तयार होतं! भीक मागून जगेन पण हे नको, असं तो म्हणतो. आपल्याकडे त्या भिक्षेला आज ‘कोकणात होमस्टे काढू’ असं म्हणतात. (हसू नका, मीही दोन जागांचे भाव काढले होते.) होमस्टेत वाईट काहीच नाही. प्रश्न असा, की ती आपली ओढ आहे की फक्त इथून पळायची वाट? अर्जुनाच्या स्वभावात भिक्षेकरी कुठेच नव्हता. म्हणून अठराव्या अध्यायात भगवंत त्याला बजावतात, की हा निश्चय टिकणार नाही, तुझी प्रकृती तुला ओढून नेईल.

मग स्वतःची प्रकृती ओळखायची कशी? थकलेल्या अवस्थेत ती दिसतच नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, तसं. त्यासाठी सहावा अध्याय बघा, श्लोक १६ आणि १७. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, काम, झोप, जाग, सगळं बेतानं हवं. आणि हे सांगितलं जातंय कुणाला? त्याच गुडाकेशाला! झोप जिंकता येते म्हणून ती जिंकतच राहायची, असं नाही.

म्हणून आधी शरीर, मग निर्णय. मी मेल पाठवला नाही, डिलीटही केला नाही. शिल्लक रजा घेतली, डॉक्टरांकडे गेलो, पहिले चार दिवस नुसता झोपलो. तुमच्यापैकी कुणाला जगणंच नकोसं वाटत असेल, तर कृपा करून हे वाचून थांबू नका. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा, सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

आणि त्यानंतर? नोकरी सोडायची की नाही?

इथे आपले संत दोन्ही उत्तरं देतात. सावता महाराज अरणच्या मळ्यातच राहिले. परंपरा सांगते की ते पंढरीला गेले नाहीत, विठोबाच मळ्यात आला. तुकोबांनी मात्र सावकारीच सोडली. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, तेव्हा ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, असं चरित्रकार सांगतात. तिथून परतल्यावर कर्जखतं इंद्रायणीत सोडली. आधी बसणं, मग बुडवणं. त्यातही निम्मी खतं त्यांनी भाऊ कान्होबाला दिली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. मला हे फार मोठं वाटतं. माझा वैराग्याचा निर्णय, पण त्याचा भार भावाच्या संसारावर नको. घराचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी, जोडीदाराचं मत, हा सगळा हिशोब मांडणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. तुकोबांनीही वाटणी आधी केली.

विश्रांतीनंतर मला दिसलं, की प्रोग्रामिंग मला अजूनही आवडतं. जाळत होती ती रात्रीची ड्युटी आणि ‘नाही’ म्हणता न येणं. मी त्याच क्षेत्रात राहिलो, टीम बदलून घेतली, पगारवाढीवर थोडं पाणी सोडलं. माझ्याइतकीच थकलेली एक मैत्रीण मात्र विश्रांतीनंतरही परत वळली नाही. तिला मुलांना शिकवायचंच होतं. वर्षाचा खर्च बाजूला काढून ती बाहेर पडली, आता गणिताचे क्लास घेते. कोण बरोबर? दोघंही. मी सावतोबांच्या वाटेनं, ती तुकोबांच्या.

शेवटी एक सांगतो. सातशे श्लोकांच्या गीतेत, एवढं सगळं समजावून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात भगवंत आज्ञा करत नाहीत. नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असं म्हणतात. निर्णय त्यांनी अर्जुनाच्याच हातात ठेवला. पण तो विचार करण्याइतका तो सावरेपर्यंत रथ दोन सैन्यांच्या मधोमध उभा होता, आणि सारथी जागचा हलला नव्हता.

आजचा संकल्प : आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वेळेवर झोपायचं. राजीनामा द्यायचा की नाही, हे आज ठरवायचं नाही. आज फक्त रथ थांबवायचा, आणि सारथ्याला खरं खरं सांगायचं, की मला काही सुचत नाहीये, तूच सांग. अर्जुनानंही हेच म्हटलं होतं, आणि गीता त्यानंतरच सुरू झाली.

राम कृष्ण हरी.