वळविलेला वारा

नर्मदेची परिक्रमा पायी करावी, नदी सदैव उजव्या हाताला ठेवावी, तिचे पात्र ओलांडू नये, आणि तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस एवढ्या मुदतीत ती पुरी करावी, असा जो जुना दंडक आहे, त्यातील मधली दोन कलमे आम्ही उभयतांनी जमेल तशी पाळली. पहिल्या व शेवटच्या कलमाचा मात्र उघड भंग केला, कारण आम्ही मोटारसायकलवर गेलो आणि अठराव्या दिवशी ओंकारेश्वरी परत आलो. महसूल खात्याच्या कचेरीत आयुष्याची तीस वर्षे काढलेल्या माणसाला नोंद खरी करण्याची सवय लागलेली असते, आणि म्हणून हा भंग मी प्रारंभीच दप्तरी दाखल करून ठेवतो. परंतु या लेखाचा विषय तो नव्हे. विषय आहे त्या मोटारसायकलच्या हँडलसमोर, निघण्यापूर्वी आठ दिवस, मी बसवून घेतलेली एक काच.

विक्रेते तिला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. आमचा मेकॅनिक नुसती ‘काच’ म्हणतो, जरी ती काचेची नसून पारदर्शक, चिवट अशा पॉलिकार्बोनेटची असते. ती बसविताना जे गृहस्थ शेजारी उभे होते, आणि ज्यांच्या धर्मविषयक व्यासंगाबद्दल मला नितांत आदर आहे, त्यांनी सहज विचारले, “यात्रेला निघालात आणि यात्रेचे कष्ट चुकवायची तजवीज आधी करता, हे कसे?” प्रश्नात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच तो माझ्याबरोबर अठरा दिवस आला.

वारा म्हणजे काय हे चारचाकीत बसणाऱ्याला कळत नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरला छातीवर जो रेटा बसतो त्याच्या चौपट रेटा ऐंशीला बसतो; आणि पौषातल्या पहाटे, हवेचे उष्णतामान पाच अंश असताना साठच्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ते शून्याच्या खाली गेल्यासारखे बोचते. याहून वाईट असतो तो आवाज. शंभराच्या सुमारास हेल्मेटमधील घोंघाट नव्वद डेसिबलच्या वर जातो, आणि इंजिनाचा आवाज त्यात बुडून जातो. परंतु काच लावली की हे सारे मिटते असेही नाही, आणि हा भाग थोडा बारकाईने सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. काचेवर आदळलेला वारा तिच्या कडेवरून सुटतो तेव्हा तो सरळ राहत नाही. त्याचे भोवरे होतात, आणि ती कड जर चालकाच्या हनुवटीच्या किंवा कपाळाच्या रेषेत आली, तर ते भोवरे नेमके हेल्मेटवर फुटून डोके घागरीसारखे हलवू लागतात. काच नसताना अंगावर येणारा वारा जोरदार असला तरी एकसारखा असतो, छातीला रेटून धरतो आणि मनगटांवरचा भारही थोडा हलका करतो; अर्धवट उंचीच्या काचेमागचा वारा कमी जोराचा पण सैरभैर असतो, आणि माणूस थकतो तो जोराने नव्हे, सैरभैरपणाने. भडोचकडून उत्तर तटाने पूर्वेकडे येताना माझी मान अशीच आखडली. जबलपूरला एका कारागिराने जुन्या काचेच्या वरच्या कडेला, मध्ये दोन बोटांची फट ठेवून, एक छोटी वक्र पट्टी क्लॅम्पने बसवून दिली. फटीतून थोडा वारा मुद्दाम आत घ्यायचा, म्हणजे काचेमागची पोकळी भरून निघते आणि भोवरे शमतात, हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकविले नव्हते. त्या दुपारी हेल्मेटमध्ये एकाएकी शांतता पसरली, आणि डाव्या अंगाच्या सागवानात वाजणारी पाने मला गाडीवर बसून प्रथमच ऐकू आली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या धर्मशास्त्राने या बाबतीत जमाखर्च स्वच्छ मांडून ठेवलेला आहे. म. म. पांडुरंग वामन काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या महाग्रंथाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचे जे विस्तीर्ण प्रकरण आहे, ते वाचताना हा प्रश्न आपल्या पूर्वजांना किती सूक्ष्मपणे पडला होता याचे आश्चर्य वाटते. वाहनाने यात्रा करणाऱ्याच्या पुण्यातून अर्धे वजा होते. छत्री आणि पादत्राणे वापरणाऱ्याच्या पुण्यातून त्याच्या निम्मे, म्हणजे चतुर्थांश. यात्रेत व्यापार करणाऱ्याचे तीन हिस्से जातात, आणि दान घेणाऱ्याचे सारेच. काच ही वाऱ्यावरची छत्रीच असल्यामुळे या तक्त्यात तिची जागा शोधावी लागत नाही. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात मात्र वाहनाचा निषेध करताना ऐश्वर्य, लोभ आणि मोह ही तीन कारणे सांगितली आहेत. आणि ज्याअर्थी कारणे सांगितली, त्याअर्थी त्या कारणांवाचून, केवळ गुडघ्यांच्या असमर्थतेने जो वाहनावर बसला, त्याच्याकडे शास्त्रकार निराळ्या नजरेने पाहत असावेत, असा अर्थ मी करतो.

याहून कठीण आक्षेप वेदान्ताचा आहे. शीतोष्ण आणि सुखदुःखे येतात-जातात, ती सोस, हा अर्जुनाला मिळालेला उपदेश सर्वांना ठाऊक आहे. आचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या करताना तर असे म्हटले आहे की दुःख सोसावयाचे ते प्रतीकार न करता, आणि त्याबद्दल चिंता वा विलापही न करता. काच हा प्रतीकार आहे. ती बसविणारा मनुष्य कितीही भाविक असो, त्याने तितिक्षेच्या त्या व्याख्येतून आपले नाव आपल्या हाताने कमी केले आहे, हे मान्य केले पाहिजे.

मी ते मान्य केले, आणि तरीही माझ्यापाशी एक जबाब तयार होता. गीतेच्याच सतराव्या अध्यायात भगवंतांनी, शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून शरीरातील भूतसमुदायाला आणि त्यात वसणाऱ्या आपल्यालाही जे कृश करतात, त्यांचा निश्चय आसुरी ठरविला आहे. आणि ध्यानयोगात आहार, विहार, झोप, जागृती या सर्वांना मापाचा नियम घालून दिला आहे. कष्ट हे यात्रेचे साध्य असते तर घरच्या अंगणातही ते भरपूर मिळाले असते. यात्रेचे साध्य दर्शन आहे, दर्शनाला अवधान लागते, आणि ज्याचे डोके वारा घागरीसारखे हलवीत आहे त्याला उजव्या हाताला नदी वाहते आहे याचेच भान राहत नाही. तेव्हा काचेने जर माझे अवधान मला परत दिले असेल, तर तिने यात्रेतून वजा केले ते तप नव्हे, केवळ विक्षेप होता. हा युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला की जबलपूर ते अमरकंटक या दोन दिवसांत मी तो मनाशी अनेकदा घोळवला, आणि वळणावळणाला नर्मदेचे होणारे दर्शन मी त्या युक्तिवादाच्या पुराव्यादाखल जमेस धरीत गेलो.

अमरकंटकला पोचलो तेव्हा संध्याकाळ होऊन गेली होती. धर्मशाळेच्या ओसरीवर, बल्बच्या पिवळट उजेडात, माझी पत्नी डोक्याभोवती गुंडाळलेली शाल उलगडू लागली आणि मी पाहतो तो तिचे दोन्ही डोळे लाल झालेले, पापण्या सुजलेल्या, आणि मान एका बाजूला वळेना.

“अगं, हे कधीपासून?” मी विचारले.

“जबलपूर सोडल्यापासून,” ती म्हणाली. “तुमची मान दुखायची थांबली म्हणालात ना, म्हणून नाही बोलले.”

“आणि नदी?”

“नदी कुठली बघते? तुमच्या पाठीत तोंड खुपसून बसले होते दोन दिवस.”

ज्या काचेने माझ्या डोक्यावरचा वारा उचलला, तिने तो नाहीसा केला नव्हता. वारा नाहीसा करता येत नाही. तो वळविता येतो. माझ्या डोक्यावरून आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी गेलेला तो वारा माझ्या पाठीमागच्या पोकळीत एकत्र येऊन तिच्या चेहऱ्यावर फुटत होता, आणि मी जे दर्शन जमेस धरले होते त्याचा खर्च दुसऱ्या खात्यावर पडत होता. हे मला कळावयास हवे होते. कारागिराने भोवऱ्यांचे मर्म समजावून सांगितले होते, आणि मागच्या सीटवर माणूस आहे हे मला माहीत होते. या दोन गोष्टी एकत्र आणल्या नाहीत, एवढाच अपराध. पण तो लहान नाही.

त्या रात्री मला विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा आठवली. चंपानगरीच्या एका अतिश्रीमंत श्रेष्ठीचा हा मुलगा. त्याचे तळपाय इतके सुकुमार की त्यांवर लव उगवलेली, आणि ते पाहण्याचे कुतूहल मगधाच्या बिंबिसार राजालाही वाटले. हा सोण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करू लागला, तेव्हा त्याचे पाय फुटून ती सारी वाट रक्ताने माखली. बुद्धांनी ती वाट पाहिली. वीणेच्या तारेचा जो प्रसिद्ध दृष्टांत आहे तो त्यांनी याच सोणाला दिला, आणि बहुतेक लोक कथा तेथेच थांबवितात. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बुद्धांनी त्याला एका पदराची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, ऐंशी गाड्या सोने आणि हत्तींचा कळप सोडून मी आलो, आणि आता लोक म्हणतील की हा वहाणांत अडकला; सर्व संघाला ही मोकळीक मिळणार असेल तर मीही घेईन, एरवी नाही. मग बुद्धांनी ती सर्व संघाला दिली. पुढे अवंतीसारख्या प्रत्यंत प्रदेशात, जेथे जमीन गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली असते, तेथील भिक्षूंना अनेक पदरांच्या वहाणांचीही सूट मिळाली. आणि जे भिक्षू केवळ शोभेसाठी रंगीत वहाणा घालून मिरवू लागले त्यांना मनाई झाली.

अवंती म्हणजे उज्जयिनीचा प्रदेश, आणि ओंकारेश्वर तेथून काही फार दूर नाही. याच मातीत चालणाऱ्यांच्या पायांचा हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता. रक्ताने माखलेली वाट पाहून बुद्धांनी सोणाच्या तितिक्षेची स्तुती केली नाही; आणि सोणानेही सुखाचा तिरस्कार केला नाही. त्याने एवढेच पाहिले की हे सुख मी एकट्याने घेतले तर माझ्या शेजारून अनवाणी चालणाऱ्याचे काय. सुख घ्यावे की नाकारावे या प्रश्नावर आपण शतकानुशतके ग्रंथ लिहीत आलो, आणि तो प्रश्न मोठा आहेच. परंतु चुकविलेले कष्ट जातात कोठे, ते कोणाच्या अंगावर पडतात, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि तो न विचारता केलेला त्याग व न विचारता घेतलेला उपभोग या दोहोंनाही मी धर्म म्हणणार नाही. ज्या घरात एकाचे उपोषण दुसऱ्याला दोनदा चूल पेटवायला लावते, त्या घराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

सकाळी धर्मशाळेच्या दारात, बोटे गारठलेली असताना, दहा-अकराच्या पान्याने मी ती वरची पट्टी सोडविली आणि काच चार बोटे खाली उतरविली. निघताना छातीवर आणि खांद्यांवर वारा पुन्हा आला. परंतु तो एकसारखा होता, आणि वेग पन्नासच्या आत ठेवला तेव्हा मानेलाही सोसला. दर अर्ध्या तासाने मी हात मागे करून विचारी, आणि ती माझ्या खांद्यावर दोनदा थोपटून ठीक असल्याचे कळवी. कपिलधारेकडून खाली उतरताना तिने प्रथमच स्वतः होऊन थांबायला सांगितले, आणि त्या कोवळ्या, अद्याप ओढ्यासारख्या नर्मदेकडे आम्ही दोघांनी पुष्कळ वेळ पाहिले.

दक्षिण तटाने परतताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच्या दहा दिवसांत आली नव्हती. खांद्यावर झोळी, हातात दंड आणि कमंडलू घेतलेले पायी परिक्रमावासी रस्त्याच्या कडेने जात असतात, आणि आपण वेगाने त्यांच्या शेजारून गेलो की आपल्यामागे उसळलेला वारा धुळीसकट त्यांच्या तोंडावर जातो; त्यांतील वृद्ध माणसे तर तेवढ्याने थबकतात. त्या वाऱ्याला कोणतीही काच नाही. त्याला उपाय एकच, थ्रॉटल सोडणे, आणि आम्ही तो ओंकारेश्वरपर्यंत केला. गाडीवर परिक्रमा करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की पायी जाणारा दिसताच त्याने ब्रेकवर पाय ठेवावा आणि ‘नर्मदे हर’ एवढे तरी त्याला ऐकू येईल अशा गतीने पुढे जावे.

त्या गृहस्थांना परतल्यावर मी माझा फैसला सांगितला. वाहनाबद्दल पुण्यातून जे अर्धे वजा व्हावयाचे ते माझ्या खात्यातून वजा व्हावे, त्यावर माझी तक्रार नाही. काचेबद्दलची चौथाई मी देणे लागतो ती जबलपूर ते अमरकंटक या दोन दिवसांची, आणि ती मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या पत्नीची आहे. पुढच्या कार्तिकात आम्ही पुन्हा जाणार आहोत. वरची पट्टी घरी फडताळात ठेवली आहे.