क्षमा मिळाली, पण बहिणीचा वाटा?

शंका : आईवडिलांच्या पश्चात वाडीची जमीन विकली. ‘नुसती सही हवी आहे’ असे सांगून हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली. पैसे किती आले ते तिला कळू दिले नाही. दर उपवासकाळात फादरांपुढे हे पाप कबूल करतो, तरी मन शांत होत नाही. देवाने मला क्षमा केली नाही का?
— एक वाचक, वसई

समाधान : क्षमा करताना देव हात आखडता घेत नाही. अडले आहे ते तुमच्या बाजूला. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई ही प्रायश्चित्त संस्कारात आपली तीन कामे. तिसरे तुम्ही दरवर्षी पुढे ढकलता, आणि ते टाळायचेच ठरवले असेल तर पहिलेही कच्चेच राहते. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. येशू घरी आला तेव्हा त्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करायचे कबूल केले. तुम्हाला तर बहिणीचा आहे तेवढाच वाटा द्यायचा आहे.

फादरांनी सांगितलेल्या चार ‘नमो मारिया’ म्हटल्या की हिशेब मिटला, ही समजूत मला फार खुपते. त्याहून खुपते ती देणगी. भावंडांचा वाटा गिळायचा, त्यातून वेदीला संगमरवर द्यायचा आणि खाली आईवडिलांचे नाव कोरायचे! पैसा कुठून आला हे न विचारता तो घेणारा धर्मगुरूही दोषी आहे. रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी टेट्झेल या धर्मगुरूने जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी दंडमुक्तीपत्रे विकली, त्यावरून 1517 मध्ये ल्यूथर उभा राहिला आणि पाश्चात्त्य चर्च दुभंगले. पुढे 1567 मध्ये पाचव्या पायस पोपनीच पैशाशी जोडलेल्या दंडमुक्ती रद्द केल्या. तरी देवाला देणगीने गप्प करता येते हा समज आपल्या गावांतून गेलेला नाही. तुमच्या मनात असे काही दान असेल तर ते आधी थांबवा. तो पैसा बहिणीचा आहे.

पापनिवेदनातले फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, न्यायालयातसुद्धा नाही. तेव्हा बहिणीला सांगायचे ते तुम्हीच. खरेदीखताची प्रत आणि पासबुक घेऊन जा, आकडा तिच्यासमोर ठेवा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून लिहून द्या. ती रागावेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तो तिचा हक्क आहे. पुन्हा जा. आणि हे इस्टरच्या आधी करा.