जुनें संत्र्याचें झाड व छाटणारा हात

काटोल, नरखेडकडील आमच्या वाचकांस संत्र्याचें झाड नवें नाहीं. परसांतील अशा जुन्या झाडाकडे पुष्कळ वर्षें कोणी पाहिलें नाहीं, म्हणजे वाळक्या फांद्यांची सल साठते, उभे पानसोट रस ओढून घेतात, आणि कलमाच्या जोडाखालून जंबेरीचे आंबट फुटवे वर चढतात. मग घरधनी कुऱ्हाड घेऊन म्हणतो, हें झाड निकामी झालें. परंतु दोष झाडाचा कीं धन्याचा?

जाणता माळी कुऱ्हाड आणीत नाहीं. फळें उतरल्यावर, नवा बहार येण्यापूर्वीं, तो प्रथम सल काढतो. जोडाखालचे फुटवे मुळाशीं तोडतो. ते राखले तर शेवटीं झाड जंबेरीचेंच होतें. कापल्या जागेस मोरचूद व चुन्याचा मलम लावतो. मात्र हिरव्या फांद्या एकाच वर्षीं सर्व तोडीत नाहीं. कारण नागपुरच्या वैशाखाचें ऊन उघड्या सालीवर पडलें कीं ती भाजून तडकते. उरलेलें काम तो पुढील दोन वर्षांकरितां ठेवतो, आणि तोंवर आळें खणून शेणखत व पाणी देतो.

आमच्या मंडळ्यांतही अशीं झाडें आहेत. एखादें कुटुंब कित्येक वर्षें उपासनेस येत नाहीं; घरांत दारू पुन्हां शिरली आहे. सभेंत त्यांचें नांव कमी करण्याचा ठराव येतो. आम्ही पुसतों, त्यांचें मूल तापानें पडलें तेव्हां त्या घरीं कोण गेलें होतें? ज्यानें पाणी घातलें नाहीं, त्यास छाटण्याचा अधिकार किती?

तर मग शिस्त नकोच काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जंबेरीचा फुटवा राखणें ही दया नव्हे, तो कलमाचा घात होय. पापास पापच म्हटलें पाहिजे. परंतु लूकच्या १३ व्या अध्यायांतील माळी पाहा. तो निष्फळ अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागतो, आणि तें वर्ष स्वतः खणण्यांत व खत घालण्यांत घालविण्याचें पत्करतो. पुढें झाड तोडावें लागेल हेंही तो नाकारीत नाहीं. पण राबल्यावांचून तो निकाल मागत नाहीं.

म्हणून, बंधूंनो, येत्या सभेंत कोणाचें नांव कमी करण्याचा ठराव आला, तर तो मांडणारानें प्रथम एवढेंच सांगावें कीं गेल्या वर्षांत आपण त्या घरीं किती वेळां गेलों.