ताटातली तीन अक्षरे

ब्रह्मपुरीच्या बाजारात 'एचएमटी द्या' म्हटले की दुकानदार तांदूळ तोलू लागतो. आमच्याकडे रोजच्या वरणभातापासून ईदच्या दावतीपर्यंत हाच शब्द. एकदा दस्तरखानावर धाकटीने विचारले, "अब्बा, एचएमटी म्हणजे काय?" मी म्हणालो, "घड्याळ." ती हसली. उत्तर खरे होते, पण अर्धेच.

शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, दर हंगामात निवडून पुन्हा लावल्या. त्यातून बारीक, चवदार तांदूळ निघाला. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती. तेच नाव तांदळाला चिकटले. दादाजींनी बियाणे इतरांनाही दिले आणि ते दूरवर पसरले. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' वाण प्रसारित केला. त्यात आपले श्रेय राहून गेले, ही दादाजींची व्यथा होती. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

कोणी म्हणेल, रिज्क अल्लाहचे. दादाजींनी धान निर्माण थोडेच केले? त्यांनी फक्त पाहिले. मान्य. पण त्या लोंब्यांवरून इतर कितीतरी नजरा फिरल्या असतील. रिज्क देणारा तो, तरी आपल्या ताटापर्यंत पोचवणारे हात माणसांचेच असतात. हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचा आपल्यावरचा हक्क, नमाज-रोजाने फिटत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा हक्क उसन्या पैशांपुरताच असतो का? देणाऱ्याने मागितले नाही, म्हणून घेणारा मोकळा होतो का? मला तसे वाटत नाही. मोबदला देणे माझ्या आवाक्यात नाही; नाव घेणे आहे. तेही टाळले, तर जेवणानंतरचे 'अलहम्दुलिल्लाह' अपुरेच राहते.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तांदूळ मात्र शिजतो आहे. दादाजींच्याच पुढच्या एका वाणाचे नाव 'डीआरके' आहे. ही त्यांच्या नावाची आद्याक्षरे. तीही आपण अर्थ न विचारता तोलून घेतो.

त्या रात्री मी धाकटीला उरलेले अर्धे उत्तर सांगितले.