पाटीवरचा कंस

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी रामदासपेठेतून फिरायला निघालो, की लोक आकाशकंदील पाहतात आणि मी पाट्या वाचतो. आमच्या या भागात दवाखान्यांना तोटा नाही. पाटीवर डॉक्टरांचे नाव, नावापुढे पदवी, आणि कित्येकदा पदवीपुढे कंसात एक गाव: मुंबई, दिल्ली, लंडन. माझीही अशी एक पाटी होती. रोगी तीवरचे नाव वाचीत. आम्ही डॉक्टर मंडळी एकमेकांचा कंस वाचीत असू.

परवा शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. मागे त्यांची मुलगी. एका लहान जिल्ह्याच्या गावी निघालेल्या नव्या सरकारी कॉलेजातून ती नुकतीच एम.बी.बी.एस. झाली आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता तिने विचारले, "काका, माझ्या कॉलेजला कोणी ओळखत नाही. पुढे एम.डी.ला मला कोणी विचारील का हो?"

"अगं, आता नीटचा क्रमांक पाहतात, कॉलेज नाही!" मी म्हटले. ती हसत घरी गेली. मी मात्र अस्वस्थ झालो; कारण मी अर्धेच खरे सांगितले होते. क्रमांक लावताना तू मेडिकलची, मेयोची की गोंदियाची, हे ती परीक्षा विचारीत नाही, हे खरे. पण काही ठिकाणी आपल्या विद्यार्थ्यांना पसंती देता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांतले रहिवासावरचे आरक्षण घटनाबाह्य ठरवले. संस्थेवरून दिलेली पसंती मात्र वाजवी मर्यादेत चालेल असे म्हटले. आणि जागा मिळाल्यावरही नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच: कॉलेज कुठले?

हा रोग जुना आहे. १९४७ साली मेडिकल निघाले, त्याआधी नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. तिथून एल.एम.पी. डॉक्टर बाहेर पडत. त्यांचा अभ्यासक्रम लहान, म्हणून मानही लहान. १९४६ साली भोर समितीने सांगितले, की डॉक्टरांच्या अशा दोन प्रती नकोत. पदवी एकच असावी. पुढे पदवी एक झाली. पण पंगत मोडली तरी पाट मांडण्याची सवय काही गेली नाही. भेद कंसात जाऊन बसला.

अमेरिकेतली गंमत याच्या उलट. तिथे २०२२ साली परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले. आता फक्त पास की नापास. लगेच मुलांना चिंता पडली, की आकडा गेला, आता रेसिडेन्सी देताना कॉलेजचे नावच पाहतील! नाव झाकावे तर आकडा डोके वर काढतो, आकडा झाकावा तर नाव. मला वाटते, दोन्ही एकाच आळसाची लेकरे आहेत. समोरचे माणूस नीट पाहण्याचा हा आळस.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या निवड समितीवर मी होतो. जागा एक, उमेदवार दोन. एकाचे कॉलेज नावाजलेले. दुसऱ्याचे नाव घेताच समितीतले एक गृहस्थ हसले, आणि मीही हसलो. आम्ही त्या मुलाला दोन-तीन प्रश्न विचारून वाटेला लावले. आज मला त्याचे नाव आठवत नाही. त्याच्या कॉलेजचे नाव मात्र लख्ख आठवते.

मग कॉलेजचे नाव निव्वळ खोटे का? तसेही नाही. मी मेडिकलमध्ये शिकलो. विदर्भातून, बालाघाट-छिंदवाड्याकडून माणसे तिथे येत. ओसरीत, झाडाखाली मुक्काम करीत. एका रात्रीच्या ड्यूटीत जे दिसे ते पुस्तकात महिनाभर सापडत नसे. जिथे रोगी कमी, तिथे शिकणेही कमी, हे मान्यच केले पाहिजे. पण मग ते नाव कमावले कोणी? मी नव्हे. आमच्या शिकाऊ हातांखाली ज्यांनी निमूटपणे आपला दंड सुईसाठी पुढे केला, त्या माणसांनी. माझ्या पाटीवरचा कंस हे त्यांचे ऋण होते, आणि मी तो जन्मभर दागिन्यासारखा मिरवला.

रिकामे ताट परत देऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी त्यात चार संत्री घालून मी शेजारी गेलो. मुलीला उरलेले अर्धे खरेही सांगितले. तिचा चेहरा उतरला. मग मी विचारले, "तू अगदी एकटीने सांभाळलेला पहिला रोगी कोणता, सांग बघू."

ती क्षणभर थबकली आणि बोलू लागली. साप चावलेला एक शेतकरी, पावसाची रात्र, वरिष्ठ येईपर्यंतची चाळीस मिनिटे. ती काय पाहत होती, कशाला घाबरली, कुठे चुकता चुकता वाचली, सारे सांगत होती. वहिनींनी आणलेला चहा निवून गेला.

मी ऐकत होतो, आणि मनात एकच गोष्ट येत होती. त्या मुलालाही मला हेच विचारता आले असते.